पान फाडलं कोणी?

परवा लायब्ररीत माझ्यावर चोरीचा आळ आला. तसं तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण अर्थ तोच! थर्मोडायनॅमिक्सचं जाडजूड पुस्तक परत करायला गेले. काउंटरवरच्या काकांनी पानं चाळली आणि थबकले. पृष्ठ २२४ नंतर थेट २४१!

"मधली पानं कुठं गेली?"

परीक्षेच्या आदल्या रात्री ब्लेडने पानं कापणारे महाभाग आपल्या होस्टेलवर आहेत, हे काकांना पक्कं ठाऊक. त्यांचा संशय चुकीचा नव्हता. पण नियम असा, की ज्याच्या कार्डावर पुस्तक त्याने पूर्ण किंमत भरायची. म्हणजे माझं जवळजवळ अर्ध्या महिन्याचं मेसचं बिल! (आणि खरं सांगायचं तर मी पहिल्या तीन चॅप्टरच्या पुढे गेलेच नव्हते. पण हे सांगणार कोणत्या तोंडाने?)

माझ्या आतोबांचं गावाकडे बाइंडिंगचं दुकान आहे. रडवेल्या आवाजात फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "आधी २२४ ला १६ ने भाग."

उत्तर आलं १४. बाकी शून्य.

"मग रडतेस कशाला? तुझा पंधरावा फर्मा बसवायचाच राहिलाय."

मित्रांनो, सेम फोरला आलो तरी आपल्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पृष्ठं छापतात आणि तो तीनदा दुमडतात. झाला सोळा पृष्ठांचा फर्मा. असे फर्मे क्रमाने जुळवून शिवायचे. फर्म्याच्या घडीवर काळी खूण छापलेली असेल, तर जुळवल्यावर पाठीकडून त्या खुणांचा जिना दिसतो. एक फर्मा राहिला की जिन्याची पायरी गायब!

आतोबांनी आणखी एक खूण सांगितली. शिवलेल्या फर्म्यात २२५-२२६ चं पान आणि २३९-२४० चं पान हा एकच कागद असतो. त्यातलं एक कापलं तर शिलाईजवळ कापलेली कड उरते, आणि पार मुळातून ओढून काढलं तर दुसरं सैल होतं. माझ्या पुस्तकात ना कड, ना सैल पान. उलट २४१ ते २५६ हा फर्मा चक्क दोनदा शिवलेला! ब्लेडवाला पानं नेईल, पण जास्तीची आणून शिवेल का?

ग्रंथपाल सरांनी बघितलं, हसले आणि दंड रद्द केला.

तेव्हापासून मला या विषयाचा नादच लागला. १९३४ साली लंडनमध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण पुस्तकविक्रेत्यांनी असंच पुस्तकालाच साक्षीला उभं केलं होतं. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांची एक पुस्तिका दुर्मिळ म्हणून महाग विकली जायची. तिच्यावर साल होतं १८४७. त्यांनी कागद तपासून घेतला, तर त्यात रासायनिक प्रक्रिया केलेला लाकडाचा लगदा निघाला. इंग्लंडमध्ये तसा कागद १८७० च्या दशकाआधी होतच नव्हता. म्हणजे साल खोटं! संशयाची सुई थॉमस वाइज या नामांकित संग्राहकाकडे वळली. मोठ्या नावापेक्षा कागदाची साक्ष भारी ठरली.

आता मुद्द्यावर येते. आपल्या लायब्ररीत पुस्तक तपासलं जातं ते परत येताना. माझ्या मते ते दाखल होतानाच तपासायला हवं. दाखल रजिस्टरात पृष्ठसंख्या लिहितो, पण ती शेवटच्या पानावरचा आकडा बघून. त्याऐवजी दर सोळा पृष्ठांनी नजर टाकली, तर पाच मिनिटांचं काम. (फर्मे ८ किंवा ३२ पृष्ठांचेही असतात. सुरुवातीची रोमन आकड्यांची पानं पहिल्या फर्म्यात असतील तर तीही मोजायची.) नवं असतानाच चूक सापडली तर विक्रेता सहसा पुस्तक बदलून देतो. सात-आठ वर्षांनी कोण देणार? आणि आपणही पुस्तक घेताना काउंटरवरच चाळावं. नोट मोजून घेतो, मग पुस्तक का नाही?

माझ्या रूममेटने गेल्या वर्षी असाच दंड निमूट भरला. ते पुस्तक रद्दीत गेलं. तिथे ब्लेड चाललं होतं की फर्मा राहिला होता, हे आता कधीच कळणार नाही. मला आतोबा होते, तिला नव्हते. नियम करताना एवढं लक्षात घेतलं तरी पुष्कळ झालं.

(कॉन्व्हेंटचं मराठी आहे, चूकभूल द्यावी घ्यावी!)