रागीविना पंडवानी

व्हिडिओ गेमचे परीक्षण हे साहित्यसमीक्षेचे काम होऊ शकते काय, असा प्रश्न विचारला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे हसतात. पहिली साहित्यातली. त्यांच्या मते खेळ म्हणजे मुलांचा वेळ आणि डोळे खाणारी एक करमणूक. तिच्याविषयी लिहायचेच तर ते डॉक्टरांनी, फार तर पालकांनी. दुसरी माणसे खेळांच्या परीक्षणांवरच वाढलेली. चित्रांचा दर्जा, खेळ संपवायला लागणारे तास आणि लढाईची रंगत यांची बेरीज करून दहापैकी गुण देणे म्हणजे परीक्षण, अशी त्यांची समजूत असते. आशय, निवेदन, रूपबंध हे शब्द कानी पडताच त्यांना कोणी वर्गात कोंडल्यासारखे वाटते. या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही, तरी एका बाबतीत त्यांचे पूर्ण मतैक्य आहे. खेळ ही कलाकृती म्हणून वाचण्याची वस्तू नव्हे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. या गृहीताला माझा विरोध आहे. तो मी सरसकट सर्व खेळांच्या वतीने नव्हे, तर एका विशिष्ट प्रकाराच्या आधारे मांडणार आहे. ज्या भूमिकाप्रधान खेळांची कथा एका काल्पनिक ऑनलाइन जगात घडते, म्हणजे ज्यांत खेळाच्या पोटात दुसरा खेळ असतो, तो हा प्रकार.

नव्या वाङ्मयप्रकाराला दाराबाहेर उभे करण्याची आपली सवय जुनी आहे. 'मुक्तामाला' १८६१ साली आणि 'मंजुघोषा' १८६८ साली आली. का. बा. मराठे यांनी १८७२ साली नावल व नाटक यांविषयीचा आपला निबंध लिहिला, तेव्हा या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर त्यांनी कठोर आक्षेप घेतले. ते आक्षेप सर्वस्वी चुकीचे नव्हते. पण मराठे हे कादंबऱ्या वाचून, त्यांच्या घडणीचा विचार करून बोलत होते. त्यामुळेच तो निबंध मराठी कादंबरीसमीक्षेचा आरंभ मानला गेला. आजचे आक्षेपक हे कष्टही घेत नाहीत. न वाचता निकाल देण्याची सोय त्यांनी स्वतःला करून दिली आहे.

रायपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला तर ही सोय अधिकच अशोभनीय आहे. माधवराव सप्रे हे मराठीभाषी. त्यांनी जानेवारी १९०० मध्ये रामराव चिंचोलकरांसह 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक पेंड्रा येथून काढले. ते अवघी तीन वर्षे चालले. पण त्या तीन वर्षांत ग्रंथपरीक्षण म्हणजे जाहिरात किंवा पोच नव्हे, तर विवेचन होय, हा पायंडा त्यांनी हिंदीत पाडला. जवळपास छापखाना, वाचक, पैसा यांची वानवा असताना या माणसाला परीक्षण ही सांस्कृतिक गरज वाटली. आपल्याला आज सर्व साधने उपलब्ध आहेत, आणि आपल्या घरातली मुले रोज संध्याकाळी कोणत्या जगात जाऊन येतात याविषयी दोन समंजस परिच्छेद लिहिण्याची गरज मात्र वाटत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. जपानमधील फुकुओका येथील सायबरकनेक्ट टू या संस्थेने घडवलेल्या आणि बंदाईने प्रसिद्ध केलेल्या 'डॉट हॅक' या मालिकेचा पहिला खेळ जून २००२ मध्ये प्लेस्टेशन टूसाठी आला. एकच कथा चार खंडांत सांगितली गेली. खेळ सुरू करताच आपल्यासमोर किल्ला, अरण्य किंवा राजपुत्र येत नाही. येतो तो एका संगणकाचा पडदा. त्यावर आलेली पत्रे असतात, बातम्या असतात, आणि 'द वर्ल्ड' नावाच्या एका ऑनलाइन खेळात शिरण्याचे दार असते. त्या खेळात काइट या नावाने वावरणाऱ्या एका मुलाचा मित्र खेळता खेळता बेशुद्ध पडतो आणि खऱ्या जगातल्या रुग्णालयात निपचित पडून राहतो. त्याच्या बेशुद्धीचे कारण शोधायचे तर ते खेळाच्या आतच शोधावे लागते. या शोधाची ही कथा आहे.

येथे तीन व्यक्ती एकावर एक उभ्या आहेत. रायपूरच्या एखाद्या घरात कंट्रोलर हातात धरून बसलेला मुलगा ही पहिली. 'द वर्ल्ड' खेळणारा कथेतला जपानी मुलगा ही दुसरी. त्या मुलाने धारण केलेले काइटचे रूप ही तिसरी. पडद्यावर वार होतो तो तिसऱ्यावर, शोक होतो तो दुसऱ्याला, आणि निर्णय घ्यावा लागतो तो पहिल्याला. जो परीक्षक या तिघांत भेद करू शकत नाही, त्याने या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये. 'नायक फारसा रंगला नाही' असे कोणी लिहिले, तर त्यातला नायक कोणता, हे आधी विचारले पाहिजे.

हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित आहे काय? मुळीच नाही. नटाकडे पाहताना 'हा राम आहे', 'हा राम नाही', 'हा राम असावा' आणि 'हा रामासारखा आहे' या चारही प्रतीतींहून वेगळी प्रतीती होते, असे शंकुकाने सांगितले आणि चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. चित्रतुरगन्यायावर आपण पिढ्यान्पिढ्या परीक्षेत उत्तरे लिहिली. तो न्याय जिथे नव्याने कसास लागू शकतो, ते स्थळ समोर आले की आपण डोळे मिटतो. शंकुकापुढे प्रेक्षक आणि नट असे दोन होते. येथे प्रेक्षकच नट झाला आहे, आणि जे पात्र तो वठवतो ते पात्रही कोणाची तरी भूमिका वठवते आहे. चित्रातल्या घोड्यावर चित्रातलाच स्वार आहे आणि लगाम मात्र चित्राबाहेरच्या हातात आहे.

योगवासिष्ठातली लवण राजाची कथाही या संदर्भात आठवावी. भर सभेत ऐंद्रजालिक येतो, राजा एका घोड्याकडे टक लावून पाहतो आणि निश्चल होतो. तेवढ्या अवधीत तो रानात भरकटतो, चांडाळकन्येशी विवाह करतो, वर्षानुवर्षे संसार करतो आणि दुष्काळात अग्नीत उडी घेण्याच्या क्षणी सभेत जागा होतो. कथा इथे थांबली असती तर 'सारे मिथ्या' एवढाच बोध उरला असता. परंतु दुसऱ्या दिवशी राजा ती जागा शोधायला निघतो, आणि ती वस्ती, तो दुष्काळ, ती शोक करणारी वृद्धा त्याला खरोखरच भेटतात. आभासातल्या सुखदुःखाची जबाबदारी जागेपणी झटकता येत नाही, हा त्या कथेचा गाभा. 'डॉट हॅक'चा गाभाही हाच आहे. खेळातल्या घावाने रुग्णालयातला मुलगा उठत नाही. ज्या आशयाला आपण एका ग्रंथात तत्त्वज्ञान म्हणून मान देतो, तोच तबकडीवर आला म्हणून क्षुद्र कसा ठरतो?

मात्र खेळाला साहित्याच्या पंक्तीत बसवणे म्हणजे त्याची आरती करणे नव्हे. 'डॉट हॅक'मध्ये तीन शब्द जुळवले की एक प्रदेश तयार होतो. शब्दांतून भूगोल निर्माण करण्याची ही कल्पना कोणाही कवीला हेवा वाटावा अशी आहे. पण त्या प्रदेशांत प्रत्यक्ष गेल्यावर त्याच भिंती, तेच जिने, तीच भुयारे पुनःपुन्हा भेटतात. शब्द बदलतात, अर्थ बदलत नाही. हे निव्वळ तांत्रिक वैगुण्य नव्हे, ते कृतीच्या मूळ प्रतिज्ञेशी केलेले वैर आहे. तसेच एका कथेचे चार तुकडे करून चारदा मोल घेण्याचा व्यवहार कथेला लांबवतो आणि शिथिल करतो. हप्त्याहप्त्याने आलेल्या कादंबरीत प्रत्येक प्रकरणाला स्वतःचा घाट असू शकतो. येथे मधले खंड बहुधा फक्त पुढच्या खंडाची वाट पाहायला लावतात.

उलट या मालिकेचे खरे यश ज्या भागात आहे, त्याचा उल्लेख गुण देणारे परीक्षक ओझरता करतात. ते यश लढाईत नसून पत्रांत आहे. ब्लॅकरोझ या योद्धा स्त्रीमागच्या मुलीचा भाऊही तसाच बेशुद्ध पडला आहे. मिस्ट्रल ही अवखळ जादूगारीण खऱ्या आयुष्यात बाळाची वाट पाहणारी गृहिणी आहे. हे आपल्याला हळूहळू, तुटक पत्रांतून कळते. आणि हे सारे सोबती मुळात नाहीतच. हा खेळ एकट्याने खेळायचा आहे. गर्दी, मैत्री, पत्रव्यवहार हे सर्व लेखकाने आधीच लिहून ठेवले आहे. एकाकी माणसासाठी रचलेली सोबतीची ही कादंबरी आहे. या विसंगतीतला करुण रस ज्याला दिसला नाही, त्याने चित्रांचा दर्जा मोजावा.

दुसरे उदाहरण जर्मनीतल्या सारब्रुकन येथील रॅडिकल फिश गेम्स या लहान गटाने २०१८ साली पूर्ण केलेल्या 'क्रॉसकोड'चे. याची नायिका लिआ हीदेखील एका काल्पनिक ऑनलाइन खेळात वावरते. पण तिची वाणी बिघडलेली आहे. मोजके चार शब्द तिला मिळतात, आणि उरलेले सारे ती मुद्रेने बोलते. सोबतच्या खेळाडूंना वाटते की हिच्यामागे आपल्यासारखेच कोणीतरी माणूस बसले आहे. पुढे उलगडते ते असे, की तिच्यामागे कोणीच नाही. दुसऱ्या एका व्यक्तीच्या स्मृतीवरून घडवलेली ती प्रतिकृती आहे. वर सांगितलेल्या तीन व्यक्तींतली मधली व्यक्तीच येथे काढून घेतली आहे. ज्याच्यामागे माणूस नाही अशा वेदनेला वेदना म्हणायचे की नाही, हा प्रश्न बोलक्या यंत्रांच्या आजच्या काळात केवळ खेळापुरता राहिलेला नाही. तो एका अबोल मुलीच्या चेहऱ्यातून विचारणारी कृती दहापैकी किती गुणांची, हा हिशेब मला हास्यास्पद वाटतो.

व्यसनाचा मुद्दा मी टाळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ च्या आरंभी लागू झाली, आणि तीत खेळण्याच्या अनिवार ओढीला विकार म्हणून स्थान आहे. भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली, तीही सुरक्षिततेच्या कारणावरून. आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करताना इतर खेळांना वेगळे ठेवले. डॉक्टर आपले काम करतात, कायदा आपले भेद करतो. भेद करणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या समीक्षकांनी मात्र पैजेचा जुगार, नेमबाजीची चढाओढ आणि 'डॉट हॅक'सारखी कथा एकाच पोत्यात भरून तोंड बांधले आहे.

आणखी एक आक्षेप विचारार्ह आहे. खेळाला स्थिर संहिता नसते, प्रत्येक खेळणारा ती वेगळी घडवतो. मग परीक्षण कशाचे करायचे? याचे एक उत्तर या प्रकारातच आहे. 'डॉट हॅक'ची खरीखुरी ऑनलाइन आवृत्ती २००५ साली जपानात निघाली आणि २००७ साली तिचे सर्व्हर बंद झाले. ते जग गेले. कथेतले काल्पनिक 'द वर्ल्ड' मात्र तबकडीवर तसेच आहे. आजही कोणी पुन्हा वाचावे तसे ते पुन्हा खेळता येते. खरे ऑनलाइन जग मालकाच्या मर्जीने विझते, त्याविषयीची कथा टिकते. पुनर्वाचनाला टिकणाऱ्या वस्तूविषयी समीक्षा लिहिता येत नसेल, तर दोष वस्तूचा नव्हे.

दुसरे उत्तर छत्तीसगढच्या मातीतच आहे. पंडवानीला तरी छापील संहिता कुठे आहे? तीजनबाईंच्या हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी द्रौपदीचे केस. एकच गायिका सर्व भूमिका धारण करते, आणि पुन्हा निवेदक होऊन बाहेर येते. पण पंडवानी एकट्याने होत नाही. शेजारी रागी बसलेला असतो. तो हुंकार देतो, मध्येच अडवतो, 'मग पुढे काय झाले?' आणि 'असे कसे झाले?' असे विचारतो. त्याच्या प्रश्नांमुळे गायिका भूमिकेत वाहून जात नाही आणि श्रोताही भानावर राहतो. रागी गायिकेला गुण देत नाही, तिची निंदा करत नाही, आणि तिथून उठूनही जात नाही.

आपल्या मुलांच्या पंडवानीला रागी नाही. रायपुरातल्या मराठी घरांत मूल आजीशी मराठी बोलते, अंगणात हिंदी आणि छत्तीसगढी बोलते, आणि पडद्यावरच्या जगात बहुधा इंग्रजी वाचते. तिथे ते मित्र जोडते, गमावते, स्वतःसाठी नाव निवडते. पण त्या अनुभवाविषयी घरच्या भाषेत विचार करायला त्याला शब्द मिळत नाहीत, कारण ते शब्द घडवणे हे ज्यांचे काम, ते नाक मुरडून बसले आहेत. उद्या हेच मूल मराठी वाङ्मयाकडे पाठ फिरवील, तेव्हा ऱ्हासाची भाषणे करण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वाङ्मयीन नियतकालिकांनी अशा खेळांची परीक्षणे छापावीत. परीक्षकाने कृती शेवटापर्यंत खेळलेली असावी. आपण तिघांपैकी कोणाविषयी बोलतो आहोत हे त्याने सांगावे. शब्दांतून उभे राहिलेले जग शब्दांना जागते की नाही, हे त्याने तपासावे, आणि जिथे जागत नाही तिथे भीड न बाळगता लिहावे. गुणपत्रिका आणि रोगचिकित्सा लिहिणारे पुष्कळ आहेत. रागीची जागा मात्र रिकामी आहे, आणि ती भरण्याचे शिक्षण आयुष्यभर आपणच घेतले आहे.