बर्फ पांढरा की करडा? मुलांना फोटो काढू द्या!



डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची अनेक कुटुंबं काश्मीरला जातात. २१ डिसेंबरपासून तिथे 'चिल्लई कलां' म्हणजे ४० दिवसांची कडक थंडी सुरू होते. परत आल्यावर मोबाईलमधले फोटो बघा. त्यांत बर्फाखालचं गाव किती आणि आपलेच चेहरे किती? माझं मत विचाराल, तर रोज अर्धा तास मोबाईल मुलांकडे द्या. अट एकच, आपले नाही, गावाचे फोटो काढायचे.

मोबाईल मुलांना नको, असं आपण म्हणतो. पण इथे तो शिकवतो! पांढराशुभ्र बर्फ फोटोत बऱ्याचदा करडा, मळकट येतो. का? समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं असणार, असं कॅमेरा धरून चालतो. सगळीकडे बर्फ दिसला की त्याला उजेड फार वाटतो आणि तो फोटो काळपट करतो. एक्स्पोजर थोडं वाढवलं की बर्फ पुन्हा पांढरा! यंत्र अंदाज बांधतं, खरं काय ते आपल्या डोळ्यांनी ठरवायचं, हे मुलाला यातून कळतं. हा धडा आज फार गरजेचा आहे.

मग प्रश्न आपोआप येतात. उन्हात बर्फावरची सावली निळसर का? कारण तिथे निळ्या आकाशाचा उजेड पडतो. छपरं उतरती का? बर्फ घसरून खाली पडावा म्हणून. सफरचंदाच्या बागेत पानं का नाहीत? झाडं थंडीत विसावा घेतात. फेरनच्या आत ऊब कशाची? निखाऱ्यांच्या कांगडीची. मात्र कोणाचाही फोटो काढण्याआधी विचारायचं, हेही तिथेच शिकवा.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून मोबाईल आतल्या खिशात ठेवा. गरम खोलीत शिरताना तो पिशवीत बंद ठेवा, नाहीतर लेन्सवर बाष्प साचतं. थंड पाण्याच्या पेल्याबाहेर थेंब जमतात, तसंच हे.

शिक्षकांनो, आपल्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी बर्फ पाहिलेलाच नसतो. ती 'बर्फाळ सकाळ' हा निबंध गाईडमधून उतरवतात. सहलीहून आलेल्या मुलाकडून दहाच फोटो घ्या, प्रत्येकाखाली त्याने स्वतः लिहिलेली एक ओळ घ्या आणि ते वर्गात दाखवा. बाकीची मुलं प्रश्न विचारतील. त्या प्रश्नांतूनच त्यांचा निबंध त्यांच्या शब्दांत उतरेल.

करून बघाल ना?