नावाचाच मऊ चेंडू

जुलै महिना उजाडला की माझ्या दवाखान्यात सर्दी-खोकला आणि जुलाबाच्या रुग्णांबरोबर आणखी एक गर्दी होते. शाळांचे क्रीडाशिक्षक पंधरा-वीस मुलामुलींना घेऊन येतात आणि स्पर्धेसाठी तंदुरुस्त असल्याचा दाखला मागतात. छाती तपासायची, रक्तदाब पाहायचा, सही-शिक्का करायचा. मुले खूश, सरही खूश. ही मुले सराव कुठे करतात, कसा करतात, हे विचारण्याचे मला इतक्या वर्षांत कधी सुचले नाही.

गेल्या पावसाळ्यात असाच दाखला दिलेली एक चौदा वर्षांची मुलगी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून आली. डाव्या डोळ्यावर ओला रुमाल. ती शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर. मैदानात चिखल, म्हणून सराव हॉलमध्ये चालला होता. तिने चेंडू टाकला, समोरच्या मुलीने पूर्ण ताकदीने बॅट फिरवली आणि चेंडू सरळ तोंडावर आला. "डॉक्टरकाका, चेंडू दिसलाच नाही हो," एवढेच ती म्हणत होती. पापणी हळूच वर केली तेव्हा बुबुळाच्या खालच्या भागात रक्त साचलेले दिसले. डोळ्यावर कडक कवच लावून तिला तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दृष्टी वाचली. परंतु अशा मारानंतर कित्येक वर्षांनीही काचबिंदू होऊ शकतो, म्हणून तिला डोळ्याचा दाब नियमित तपासून घ्यावा लागणार आहे, तोही जन्मभर.

तिच्या वडिलांनी मला विचारले, "सॉफ्टबॉल म्हणजे मऊ चेंडू ना? मग एवढे लागले कसे?" हा गैरसमज अनेक पालकांचा आहे. गंमत अशी, की हा खेळ जन्मला तो घरातच. १८८७ साली शिकागोच्या एका क्लबात काही तरुणांनी बॉक्सिंगचा हातमोजा गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने तो टोलवला. तो चेंडू खरोखरच मऊ होता. पुढे खेळ मैदानावर गेला, चेंडू लहान आणि टणक झाला, नाव मात्र मऊच राहिले. आजचा सॉफ्टबॉल सुमारे १८० ते २०० ग्रॅम वजनाचा असतो. पुरुषांच्या क्रिकेटचा लेदर चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे हा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड आहे!

आता अंतर पाहा. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. सॉफ्टबॉलमध्ये मोठ्या मुलींसाठी पिचर आणि होम प्लेट यांत ४३ फूट, लहान वयोगटांत त्याहून कमी. त्यातही चेंडू सोडताना पिचर मोठे पाऊल पुढे टाकते. उरतात जेमतेम ११ मीटर. टोलवलेला चेंडू ताशी ९० किलोमीटर वेगाने आला, तर हे अंतर तो अर्ध्या सेकंदाच्याही आत कापतो. डोळ्यांनी चेंडू पाहून शरीर हलू लागेपर्यंतच पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. उरलेल्या क्षणात हातमोजा चेहऱ्यापर्यंत न्यायचा, आणि तोही एका पायावर तोल असताना व हात खाली असताना! यात मुलीच्या चपळाईचा दोष नाही.

हॉलमध्ये धोका आणखी वाढतो. जागा अपुरी, म्हणून पिचरला नकळत पुढे उभे केले जाते. ट्यूबलाइटच्या मंद उजेडात, फिक्या रंगाच्या भिंतीसमोर चेंडू उशिरा दिसतो. ओल्या बुटांनी फरशी निसरडी झालेली असते. चेंडू खांबावर किंवा भिंतीवर आदळून कुठूनही परत येतो.

सर म्हणतात, "डॉक्टर, खऱ्या चेंडूवर सराव नको, तर मुले स्पर्धेत काय करणार? मास्क लावला की मुले भित्री होतात." त्यांची कळकळ मला मान्य आहे. तुटपुंज्या साधनांत ही मंडळी संघ उभे करतात. परंतु मागे बसणाऱ्या कॅचरला मास्क असतो, बॅट धरणाऱ्या मुलीला हेल्मेट असते. त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही. मग बॅटच्या अगदी समोर उभी असलेली पिचरच तेवढी उघडी का? अमेरिकेत २००७ साली माइक कूलबॉ हे बेसबॉलचे प्रशिक्षक सामना चालू असताना टोलवलेला चेंडू लागून मरण पावले. ते पहिल्या बेसजवळ, म्हणजे आपल्या पिचरच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर होते. पुढच्याच वर्षापासून तिथे बेसजवळच्या प्रशिक्षकांना हेल्मेट सक्तीचे झाले. मोठ्या माणसांनी जे स्वतःसाठी केले, ते मुलांसाठी करायला काय हरकत आहे?

माझे मत स्पष्ट आहे. हॉलमध्ये पिचर आणि बॅट शक्यतो समोरासमोर येऊच नयेत. पिचरने कॅचरकडे चेंडू टाकावेत, तिथे बॅट नको. फलंदाजांनी दुसऱ्या कोपऱ्यात टी-स्टँडवर चेंडू ठेवून तो टांगलेल्या जाळीत मारावा. समोरासमोर सराव करायचाच असेल, तर स्पंजचा चेंडू वापरावा. खरा चेंडू हवाच असेल, तर पिचरपुढे संरक्षक जाळी हवी. चेंडू टाकण्यापुरती मोकळी जागा ठेवलेली, आणि चेंडू सोडताच पिचर जिच्या आड होईल अशी. लोखंडी पाइपची चौकट गावातला वेल्डिंगवालाही करून देईल. पाइपवर फोम गुंडाळावा आणि जाळी फाटलेली नाही ना, हे रोज पाहावे. जाळी असली तरी पिचरला फेस मास्क हवाच. बाकीच्या मुलांनी जाळीमागे थांबावे.

तरीही लागलेच, तर काय करावे? डोळ्याला मार लागल्यास चोळू नये, दाबू नये, घरातले थेंब घालू नयेत. थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा. दात मुळासकट पडला तर मूळ न घासता तो दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे जावे. डोक्याला मार लागलेले मूल "बरे आहे" म्हणाले, तरी त्या दिवशी पुन्हा खेळवू नये. रमण लांबा १९९८ साली ढाक्यात हेल्मेटशिवाय शॉर्टलेगला उभे असताना डोक्याला चेंडू लागून पडले. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले आणि काही दिवसांतच आपल्यातून गेले. म्हणून उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, फिट, कानानाकातून पाणी, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालयात न्यावे. छातीवर चेंडू बसून मूल कोसळले, हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वासही नीट नाही, तर कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देणे लगेच सुरू करावे. क्वचित घडणारी, पण मिनिटांत जीव घेणारी ही गोष्ट आहे.

यंदाच्या जुलैत सर दाखल्यांसाठी आले, तेव्हा सही करण्यापूर्वी मी विचारले, "पाऊस असला की सराव कुठे? पिचरपुढे जाळी आहे का?" सर थोडे नाराज झाले. दाखला मुलांचा आहे, हॉलचा नाही, असे त्यांचे म्हणणे. नियमाने ते बरोबरही असेल. पण त्या मुलीचा गेल्या वर्षीचा दाखलाही माझ्याच सहीचा होता. पालकांनो, एखाद्या पावसाळी संध्याकाळी मुलांना न्यायला थोडे लवकर जा, आणि हॉलमध्ये डोकावून हाच प्रश्न तुम्हीही विचारा.