अकोल्याचा मॅनेजर फ्रीजरला नाही का म्हणतो?

समजा तुमची आइस्क्रीमची दोन दुकानं आहेत. अमरावतीत 40 लाख गुंतले, व्याजाआधीचा नफा वर्षाला 6 लाख. अकोल्यात 12 लाख गुंतले, नफा 3 लाख. भारी कोण? गल्ला पाहणारा अमरावती म्हणेल. टक्क्यांत मात्र अमरावती 15, अकोला 25. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतली ड्यूपाँट कंपनी आपले विभाग असेच मोजायची.

पण माझ्या मते नुसती टक्केवारीही फसवते. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. तिथे 2 लाखांचा डीप फ्रीजर घेतला तर वर्षाला 36 हजार सुटतात. तरी मॅनेजर नाही म्हणतो. काहून? त्याची टक्केवारी 25 वरून 24 होते, बोनस त्यावरच! तुमच्या कर्जाचं व्याज 12 टक्के, म्हणजे 24 हजार. बुडाले तुमचे 12 हजार.

म्हणून नफ्यातून गुंतवणुकीचं 12 टक्के व्याज आधी वजा करा. अमरावतीत 1 लाख 20 हजार उरतात, अकोल्यात 1 लाख 56 हजार, फ्रीजरसह 1 लाख 68 हजार. बोनस या आकड्यावर ठेवा, मॅनेजर स्वतःच फ्रीजर मागेल.

आणि हो, अमरावतीहून अकोल्याला माल ज्या भावाने जातो तो भाव वर्षाच्या मधातच बदलू नका.