शब्दओळख : 'स्टेबल' म्हणजे बरा नव्हे

तालुक्याच्या दवाखान्यातून निरोप येतो, "पेशंट स्टेबल आहे." घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. "आता उद्या घरी सोडतील," असेही कोणी म्हणतो. पण वाचकहो, हा अर्थ त्या शब्दात नाही.

'स्टेबल' म्हणजे स्थिर. लॅटिन भाषेतील 'उभे राहणे' या अर्थाच्या धातूपासून तो आला. आपला संस्कृत 'स्था' धातू त्याचाच भाऊबंद. स्थिर, स्थान, स्थायी हे शब्द त्याचे. घोड्यांच्या पागेलाही इंग्रजीत 'स्टेबल'च म्हणतात, कारण ती जनावरांची उभे राहण्याची जागा. घरातला स्टॅबिलायझरही याच कुळातला. विजेचा दाब खालीवर झाला, तरी तो २३० व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो.

खरी मेख पुढे आहे. कांद्याचा भाव पडला आणि पंधरा दिवस तळालाच राहिला, तर तोही 'स्टेबल'च! चढउतार नाही, एवढेच हा शब्द सांगतो. स्थिती चांगली की वाईट, हे सांगत नाही.

डॉक्टर 'स्टेबल' म्हणतात तेव्हा नाडी, रक्तदाब, श्वास सध्या फारसे खालीवर होत नाहीत, असे समजावे. रोगी बेशुद्ध असला, श्वासाच्या यंत्रावर असला, तरी तो स्टेबल असू शकतो. 'क्रिटिकल पण स्टेबल' म्हणजे प्रकृती गंभीर, मात्र तूर्त आणखी बिघडत नाही.

सर्पदंशाचेच पाहा. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. दाताची खूण कित्येकदा दिसत नाही, सूजही नसते. रोगी चालत-बोलत दवाखान्यात येतो आणि काही तासांनी पापण्या जड होतात, श्वास अडू लागतो. म्हणूनच सर्पदंशाचा रोगी धडधाकट दिसला तरी किमान २४ तास देखरेखीखाली ठेवतात. 'स्टेबल' ऐकून त्याला घरी नेण्याची घाई जिवावर बेतू शकते.

तेव्हा हा शब्द कानी पडला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. धोका टळला का? कालच्यापेक्षा सुधारणा आहे का? काय दिसले तर तुम्हाला ताबडतोब बोलवावे?

विचारण्यात संकोच कसला? माणूस आपला आहे. उत्तर मराठीतून मागावे, आणि नीट कळेपर्यंत पुन्हा विचारावे.