विश्लेषण : मानसशास्त्रज्ञाकडे पहिल्यांदा गेल्यावर नेमके काय होते?

महिनोन्‌महिने झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, घरात शब्दाला शब्द लागतो. शेवटी धीर करून कुणी तरी मानसशास्त्रज्ञाची वेळ घेतो. गोळ्यांची चिठ्ठी किंवा निदान ठोस सल्ला मिळेल, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पाऊण तास प्रश्नच विचारले जातात. ‘नुसत्या गप्पांचे एवढे पैसे?’ असे म्हणत तो बाहेर पडतो आणि पुन्हा फिरकत नाही. असे मध्येच थांबणारे थोडेथोडके नाहीत. जोशुआ स्विफ्ट आणि रॉजर ग्रीनबर्ग यांनी २०१२ मध्ये जगभरातील ६६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा पाचपैकी साधारण एक जण उपचार अर्धवट सोडत असल्याचे दिसले. त्या खोलीत काय घडते, हे आधी माहीत असेल तर ही गळती काही प्रमाणात टळू शकते.

जायचे नेमके कुणाकडे?

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर या शाखेचे शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते औषधे देतात. मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. चाचण्या आणि संवादाधारित मानसोपचार हे त्यांचे काम. त्यांच्यातील क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी करावी लागते. हा नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. खरा घोळ ‘समुपदेशक’ या शब्दाचा आहे. मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि प्रशिक्षण घेतलेले अनेक उत्तम समुपदेशक राज्यात आहेत, तशाच काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमावर पाटी लावणाऱ्या व्यक्तीही आहेत. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याने या क्षेत्रालाही चौकटीत आणले असले, तरी ती व्यवस्था अजून सर्वत्र रुळलेली नाही. त्यामुळे पदवी कोणती, ती कुठून घेतली, कुणाच्या देखरेखीखाली काम केले, हे विचारण्याची जबाबदारी तूर्त येणाऱ्यावरच आहे. या प्रश्नांचा चांगल्या व्यावसायिकाला राग येत नाही.

पहिल्या भेटीत काय होते?

सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचे असते. सुरुवातीला माहितीचा अर्ज आणि संमतिपत्र भरून घेतले जाते. मग त्रास काय, केव्हापासून, कशाने वाढतो, झोप-भूक कशी आहे, घरी कोण कोण असते, आधीचे आजार आणि औषधे कोणती, दारू किंवा अन्य व्यसन आहे का, असे प्रश्न येतात. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हेही थेट विचारले जाते. तो प्रश्न दचकवणारा वाटला तरी नेहमीचाच आहे. विचारल्याने असा विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. थायरॉइडचा विकार असल्यास उदासी आणि थकवा त्यानेही येऊ शकतो. त्यामुळे आधी फिजिशियनकडे जाऊन रक्त तपासून घेण्यास सांगितले, तर ती टाळाटाळ नव्हे.

सगळे पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे असे नाही. ‘हा विषय आज नको’ म्हणण्याचा अधिकार येणाऱ्याला आहे. भाषेबाबतही आधीच विचारून घ्यावे. इंग्रजीत ‘अँग्झायटी’ म्हणून मोकळे होता येते; पण जीव घाबरा होतो, घशाशी आवंढा येतो, घर खायला उठते, हे मराठीतच नेमके सांगता येते.

सल्ला का दिला जात नाही?

नोकरी सोडावी का, लग्न मोडावे का, याचे उत्तर शेजारी-नातेवाईक क्षणात देतात. मानसशास्त्रज्ञ सहसा ते देत नाहीत, कारण त्या निर्णयाचे परिणाम त्यांना भोगायचे नसतात. ते विचारांची आणि सवयींची उकल करायला मदत करतात. उदाहरणार्थ, साहेबांनी संदेश वाचूनही उत्तर दिले नाही. ‘आपले काही तरी चुकले, आता नोकरी जाणार’ असा विचार येतो आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. घटना, विचार आणि भावना हे तीन धागे वेगळे करायला शिकवणे, हा बोधात्मक वर्तनोपचाराचा (सीबीटी) गाभा. याच घराण्यातील विवेकनिष्ठ उपचारपद्धती अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. या पद्धतींमध्ये ‘गृहपाठ’ही असतो : विचारांची नोंद ठेवणे, टाळलेले एखादे छोटे काम करून पाहणे. आठवड्यातला एक तास खोलीत गेला तरी उरलेले दिवस घरीच काढायचे असतात. त्यामुळे या गृहपाठाला महत्त्व आहे.

बोललेले गुप्त राहते का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मात्र त्याला अपवाद आहेत. स्वत:च्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती उघड करता येते. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. हे अपवाद पहिल्याच भेटीत स्पष्ट केले जावेत. आपल्याकडे खरी अडचण घरातून येते. आई सोबत येते, नवरा नंतर फोन करून ‘काय म्हणाली ती?’ असे विचारतो. फी कुणीही भरली, तरी सज्ञान व्यक्तीचे बोलणे तिच्या संमतीशिवाय घरच्यांना सांगितले जाणार नाही, असा शब्द येणाऱ्याने आधीच घ्यावा.

किती भेटी, किती खर्च?

सुरुवातीला बहुधा आठवड्यातून एकदा भेटायचे असते. ठरावीक समस्येवरील सीबीटी अनेकदा सहा ते वीस सत्रांत होते. जुन्या, खोल जखमांना अधिक काळ लागतो. शहर आणि अनुभवानुसार खासगी सत्राची फी काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जाते. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा संरक्षण द्यावे, असे २०१७चा कायदा सांगतो. परंतु बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेल्या असल्याने दर आठवड्याचा खर्च खिशातूनच होतो. म्हणून फी, भेट रद्द केल्यास लागणारे शुल्क आणि सवलतीची सोय याबद्दल पहिल्याच दिवशी बोलावे. तीन भेटींनंतर पैशांअभावी गुपचूप थांबण्यापेक्षा पंधरवड्याने येण्याची तडजोड बरी.

उपयोग होतो आहे, हे कसे ओळखावे?

पहिल्या एक-दोन सत्रांनंतर हलके वाटते किंवा उलट अधिक अस्वस्थही वाटते, कारण दाबून ठेवलेले वर आलेले असते. साधारण तीन-चार भेटींत उपचारांचे ध्येय काय, हे दोघांनाही सांगता यायला हवे. आपले ऐकले जाते, असे वाटणेही तितकेच महत्त्वाचे. एखादे बोलणे खटकले तर ते तिथेच सांगावे. त्यातून अनेकदा नाते घट्ट होते. तरीही सूर जुळला नाही तर दुसऱ्याकडे जाण्यात गैर काही नाही. मात्र खात्रीने बरे करण्याची हमी, मनोविकारतज्ज्ञाची औषधे परस्पर बंद करण्याचा सल्ला, सगळे पैसे आगाऊ भरण्याचा दबाव किंवा कोणत्याही प्रकारची लैंगिक जवळीक दिसली, तर तात्काळ थांबावे.

जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार तीव्र असेल तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही नि:शुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. जवळच्या रुग्णालयातही जाता येते.

निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात विविध मानसिक विकारांच्या ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते. अशा देशात दारापर्यंत आलेला माणूस केवळ गैरसमजातून परत जाणे परवडणारे नाही. फी, गोपनीयता, पात्रता आणि उपचारांची दिशा एका कागदावर मराठीत लिहून देणे कोणत्याही खासगी व्यावसायिकाला अवघड नाही. तो कागद मिळेपर्यंत हे प्रश्न येणाऱ्यानेच विचारावेत आणि पहिल्या भेटीवरून निकाल न लावता दुसऱ्या भेटीला जावे.