आळशी म्हणण्याआधी

"दिवसभर पेंगतो, नुसता आळशी झालाय!" मंडळाच्या कार्यक्रमांत ही तक्रार हमखास कानावर येते. पण वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. म्हणून तर कॅलिफोर्नियात 2022 पासून बहुतेक हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाहीत. आणि आपण? पहाटे स्विमिंग, रात्री मॅथ्सचा क्लास! अपुरी झोप आणि नैराश्य एकमेकांना खतपाणी घालतात. सुट्टीत भरपूर झोपूनही मूल पेंगत असेल, मित्रमैत्रिणींना टाळत असेल, दोन आठवडे हेच चाललं असेल, तर डॉक्टरांकडे न्या. झोपेबरोबर मनाचंही विचारायला सांगा. आणि तेवढा वेळ, आईबाबांनो, तुम्ही खोलीबाहेर बसा.